मधला आवाज

शिवजयंतीला पंधरा दिवस उरले असताना माझा भाचा तुणतुणं पिशवीत घालून पुण्याला माझ्याकडे निघून आला. कोल्हापूरकडच्या एका शाहिरी पथकात तो सहा वर्षं होता. पाच जणांचं पथक. पुढे डफ घेऊन शाहीर. मागे ढोलकीवाला, झांजवाला आणि दोघे झीलकरी. त्या दोघांतला तुणतुणं धरणारा म्हणजे माझा भाचा.

"मामा, मी पथक सोडलं," त्यानं चपला काढायच्या आधीच सांगितलं.

कारण जेवताना बाहेर आलं. गावोगाव फ्लेक्स लागतात, त्यावर शाहिरांचा फेटा बांधलेला हातभर फोटो असतो आणि खाली बारीक अक्षरांत 'आणि सहकारी'. "ते 'आणि सहकारी' म्हणजे मी," भाचा म्हणाला. "सहा वर्षं मागे उभा राहून जी जी करतोय. शाहीर दम खातात तेव्हा पोवाडा आम्ही उचलून धरतो. टाळ्या पडतात त्यांच्या मिशीला. माझा गळा काय वाईट आहे? मी माझं पथक काढणार."

चोवीस वर्षांच्या मुलाला उपदेश करू नये, हे मला माझ्या चोविसाव्या वर्षापासून माहीत आहे. शिवाय त्याचं म्हणणं सगळं खोटंही नव्हतं. म्हणून मी काही बोललो नाही. जेवण झाल्यावर जुन्या तबकड्यांचं कपाट उघडलं आणि एक तबकडी लावली. मला तो नाद आहे, घरात कुणाला आवडो न आवडो.

"हे काय, चर्चमधलं?" भाचा म्हणाला.

"चर्चमधलं नाही. स्ट्रिंग क्वार्टेट. दोन व्हायोलिन, एक व्हायोला, एक चेलो. चौघांची चौकडी."

"चांडाळचौकडी," तो म्हणाला, आणि आल्यापासून पहिल्यांदा हसला.

तबकडी संगीतकार हायडनच्या 'एम्परर' या क्वार्टेटची होती, वाजवणारे अमाडेउस क्वार्टेट. या रचनेचा दुसरा भाग मी मुद्दाम लावला होता. त्यात हायडननं एक साधी, प्रार्थनेसारखी चाल घेतली आहे. ती चाल तो बदलत नाही, फिरवत नाही. फक्त एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात देत जातो. आधी पहिलं व्हायोलिन ती मांडतं. मग दुसरं व्हायोलिन ती घेतं आणि पहिलं तिच्याभोवती बारीक नक्षी विणतं. मग ती चेलोकडे जाते. तिसऱ्या फेरीत व्हायोलाकडे येते. शेवटी पुन्हा पहिल्याकडे. पालखीला खांदेकरी बदलावेत तशी. वारी पाहिलेल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

तिसरी फेरी आली तेव्हा भाच्यानं मान वर केली. "हा कोण?" त्यानं विचारलं. "हा आत्ता आलेला? घोगरा, पण माणसासारखा बोलतोय."

"तो पहिल्यापासून वाजतोय. तुला आत्ता ऐकू आला. पीटर शिडलॉफ त्याचं नाव."

आणि मग मी त्याला गोष्ट सांगितली.

व्हिएन्ना हे त्यांचं गाव. म्हणजे तिघांचं, एकाचा जन्म म्यूनिकचा, पण वाढला व्हिएन्नात. नॉर्बर्ट ब्रायनिन, सिगमुंड निसेल आणि हा शिडलॉफ. तिघेही ज्यू, तिघेही व्हायोलिन शिकणारी पोरं. मार्च 1938 मध्ये हिटलरनं ऑस्ट्रिया गिळला, आणि ज्यांना बाहेर पडता आलं ते बाहेर पडले. ही तीन पोरं वेगवेगळ्या वाटांनी इंग्लंडला पोहोचली. एकमेकांची ओळखदेख नव्हती.

इंग्लंडनं आसरा दिला खरा, पण 1940 च्या उन्हाळ्यात फ्रान्स पडला आणि लंडनला धास्ती बसली. जर्मन बोलणारा प्रत्येक परदेशी पुरुष संशयित ठरला. हिटलरला भिऊन पळालेल्यांनाच हिटलरचे हस्तक समजून पकडण्यात आलं! सरकारी भाषेत त्यांना 'शत्रुदेशीय' म्हणत. सतरा-अठरा वर्षांचे हे तिघे त्यात सापडले. श्रॉपशरमधल्या प्रीस हीथच्या छावणीत ब्रायनिन आणि शिडलॉफ भेटले. ब्रायनिन लवकर सुटला. शिडलॉफला आयल ऑफ मॅनवरच्या ऑनकन छावणीत नेलं. समुद्रकाठची पर्यटकांची लॉजं सरकारनं ताब्यात घेतली होती आणि त्यांना काटेरी तारांचं कुंपण घातलं होतं. तिथे त्याला निसेल भेटला.

"म्हणजे यांचं पथक तुरुंगात जमलं," भाचा म्हणाला.

"जमलं नाही अजून. नुसती गाठ पडली."

बंदी करून ठेवलेल्या संगीतकारांना सोडवण्यासाठी इंग्लंडमध्ये एक समिती झाली होती. तिच्या प्रमुखपदी राल्फ व्हॉन विल्यम्स हे त्यांचे थोर संगीतकार होते. हळूहळू पोरं सुटली. लंडनमध्ये तिघेही एकाच गुरूच्या दारात पोहोचले. गुरूचं नाव माक्स रोस्टाल. तेही बर्लिन सोडून आलेले ज्यू. पोरांच्या खिशात काही नाही हे पाहून त्यांनी फी घेतली नाही. आपल्याकडे गुरूघरी राहून शिकण्याच्या कथांचं आपल्याला फार कौतुक. तसं कौतुक तिथे कुणी केलं की नाही कोण जाणे, पण काम तेच झालं.

युद्ध संपलं. 1946 मध्ये ब्रायनिननं कार्ल फ्लेश पारितोषिक मिळवलं आणि तो एकट्यानं मैफिली करू शकेल असं लोक बोलू लागले. पण तिघांना मिळून क्वार्टेट वाजवायचं होतं. चेलोला चौथा गडी मिळाला तो लंडनचाच, मार्टिन लव्हेट, वय वर्षं वीस. रोस्टालकडेच शिकणाऱ्या एका मुलीनं ही ओळख करून दिली. पुढे ती त्याची बायको झाली. तिघे आपसांत व्हिएन्नाच्या वळणाची जर्मन बोलत, आणि हा लंडनचा पोरगा त्यांच्यात बसून ती उचलू लागला.

आता अडचण पाहा. क्वार्टेटमध्ये व्हायोलिनं दोन. यांच्याकडे व्हायोलिनवाले तीन.

इथे मी तबकडी थांबवली, कारण गोष्टीचा काटा इथे आहे आणि भाच्याला व्हायोला म्हणजे काय ते सांगणं भाग होतं. दिसायला व्हायोला व्हायोलिनसारखाच, अंगानं थोडा मोठा, आणि पाच सुरांनी खाली लावलेला. व्हायोलिनच्या वरच्या तारेची लकाकी त्याच्याकडे नाही आणि चेलोचा खर्जाचा रुबाबही नाही. तो मधला. वरच्याला आणि खालच्याला सांधणारा. त्याच्यासाठी एकल वादनाच्या रचना मोजक्या, आणि युरोपातल्या वादकांमध्ये व्हायोलावाल्यांवरचे विनोद इतके प्रचलित की आपल्याकडच्या बायकोवरच्या विनोदांनी लाजावं. व्हायोलिनमध्ये ज्याचं जमत नाही तो व्हायोला धरतो, असा जुना समज.

"म्हणजे तुणतुणं," भाचा म्हणाला.

मी 'हो' म्हणालो नाही. तुणतुण्याला एकच तार, व्हायोलाला चार; तुलना ताणू नये. पण तो कुठे पोहोचला होता ते मला दिसत होतं.

शिडलॉफ काही जमत नसलेला वादक नव्हता. रोस्टालच्या तालमीत तयार झालेला पक्का व्हायोलिनवाला होता. त्यानं व्हायोला घेतला. दुसऱ्या व्हायोलिनवर निसेल बसला, आणि तेही काही सुखाचं आसन नाही. ब्रायनिन पहिल्या जागी. मनातून कुणाला किती लागलं असेल ते त्यांचं त्यांना ठाऊक. मी भाच्याला एवढंच सांगितलं की ज्यानं व्हायोला घेतला त्यानं पुढची चाळीस वर्षं तो खाली ठेवला नाही.

"का पण?" भाच्यानं विचारलं. "मी असतो तर दोन वर्षांत व्हायोलिनवर परत आलो असतो."

याचं उत्तर मी माझ्या कपाटातून दिलं, कारण माणसांच्या मनातलं मला काय कळणार? बर्लिनमध्ये नाही, पॅरिसमध्ये नाही, खुद्द व्हिएन्नात 1784 च्या सुमारास एका घरगुती मैफिलीत चार संगीतकार क्वार्टेट वाजवायला बसले. हायडन पहिलं व्हायोलिन, डिटर्सडॉर्फ दुसरं, व्हानहाल चेलो. आणि व्हायोला कुणी घेतला? मोझार्टनं. मायकेल केली नावाचा एक आयरिश गायक त्या वेळी तिथे होता, त्यानं हे लिहून ठेवलंय. मोझार्ट व्हायोलिनही उत्तम वाजवायचा. त्याला कुणी मागे बसवलं नव्हतं. घरच्या चौकडीत शूबर्ट व्हायोला धरायचा. ड्वोर्झाक प्रागच्या नाटकगृहात व्हायोला वाजवून पोट भरत होता. जे रचना करणारे होते, त्यांना हीच जागा आवडायची. त्याचं कारण साधं आहे. मधे बसलं की दोन्ही बाजू ऐकू येतात. पहिल्या व्हायोलिनला स्वतःचा आवाज इतका मोठा असतो की त्याला बाकीचं ऐकायला कष्ट पडतात. मधल्याला सगळं ऐकू येतं, आणि त्यानं स्वर केसभर सरकवला की चौघांचा रंग बदलतो.

आपल्याकडचं एक उदाहरण मला फार आवडतं, म्हणून ते इथे घुसवतो. झुबिन मेहतांचे वडील मेहली मेहता. 1935 मध्ये मुंबईत त्यांनी बॉम्बे सिम्फनी उभी केली, पुढे मुंबईत क्वार्टेटही चालवलं. म्हणजे त्या शहरात या संगीताचे ते धनी. हाच माणूस पन्नाशी ओलांडल्यावर फिलाडेल्फियाच्या कर्टिस क्वार्टेटमध्ये जाऊन बसला, आणि बसला तो दुसऱ्या व्हायोलिनच्या खुर्चीवर. ज्यानं फौज चालवली तो शिपाई म्हणून उभा राहिला, असं कुणी म्हणेल. मला तसं वाटत नाही. क्वार्टेटमध्ये शिपाई नसतातच.

असो. गोष्ट इंग्लंडात राहिली.

1947 च्या जुलैत डार्टिंग्टनला या चौघांनी पहिल्यांदा जाहीर वाजवलं, आणि नाव होतं 'ब्रायनिन क्वार्टेट'. पाहा, फ्लेक्सवर पुढच्याचंच नाव! त्यांना तिथे बोलावलं होतं इमोजेन होल्स्ट यांनी, 'द प्लॅनेट्स' रचणाऱ्या गुस्ताव होल्स्ट यांच्या कन्येनं. बाईंनी चौघांना ऐकलं आणि लंडनच्या विगमोर हॉलमध्ये मैफल करण्यासाठी शंभर पौंड पुढे केले. 1948 साली, युद्धानं पिचलेल्या इंग्लंडात, ही रक्कम थोडी नव्हती.

पण त्या मैफिलीच्या आधी एक काम झालं. त्यांनी 'ब्रायनिन' हे नाव काढून टाकलं. कुणाच्याच आडनावावर चौकडी चालणार नाही असं ठरलं, आणि मोझार्टच्या मधल्या नावावरून 'अमाडेउस' घेतलं. 10 जानेवारी 1948. विगमोर हॉल लहानसा, साडेपाचशे खुर्च्यांचा. तो भरला. चौघे चालत आले, वाकले, बसले. आणि त्या दिवसापासून ती चार माणसं बदलली नाहीत.

"नाव कुणी बदलायला लावलं?" भाच्यानं विचारलं. त्याला सगळ्यात रस त्यातच.

"निसेलनं सुचवलं म्हणतात. दुसऱ्या व्हायोलिनवाल्यानं."

"आणि पहिल्यानं ऐकलं?"

"ऐकलं."

भाचा बराच वेळ गप्प बसला. चहा होऊन गेला.

मधली वर्षं मी भरभर सांगितली, कारण यशाच्या वर्षांत सांगण्यासारखं थोडंच असतं. चार हजारांच्या आसपास मैफिली, दोनशेच्या आसपास ध्वनिमुद्रणं, बेटोव्हेनची सगळी क्वार्टेट्स, मोझार्टची, ब्राम्सची. विमानं, हॉटेलं, तालमी. प्रवास, तारखा आणि हिशेब निसेल सांभाळायचा. भांडणंही व्हायची, चांगली कडाक्याची. चार जणांत मतं दोन-दोन अशी पडली की तोडगा निघत नाही, आणि पाचवा पंच क्वार्टेटमध्ये नसतो. ज्यांना हे चौघे फार गोडीगुलाबीनं राहत असतील असं वाटतं त्यांनी एखाद्या नाटकमंडळीत महिनाभर राहून यावं.

दोन प्रसंग मात्र सावकाश सांगण्यासारखे आहेत.

पहिला त्या हायडनच्या चालीचा. भाच्यानं नुकतीच ऐकली होती. 1797 मध्ये हायडननं ती ऑस्ट्रियाच्या सम्राटासाठी रचली. पुढे तीच जर्मनीनं राष्ट्रगीताला घेतली, आणि हिटलरच्या राज्यात ती त्याच्या सभांमधून, कवायतींमधून वाजली. ही चाल ऐकत ज्यांना देश सोडावा लागला त्या पोरांनीच मोठेपणी ती वाजवली. जर्मनीतही वाजवली. ध्वनिमुद्रणही केलं ते जर्मन कंपनीसाठी, डॉइच ग्रामोफोनसाठी. ते कसं जमलं असेल? मी पुष्कळदा विचार केलाय. आपल्या अंगणातली तुळस दुसऱ्यानं त्याच्या दारात लावली म्हणून ती आपली नाही असं होत नाही, बहुधा असं काहीतरी. हायडन हिटलरच्या किती आधीचा! तो त्यांनी सोडला असता तर आणखी एक घर सोडल्यासारखं झालं असतं. आणि तिसऱ्या फेरीत ती चाल शिडलॉफच्या हातात येते तेव्हा बाकीचे तिघे तिच्याभोवती असे हळू चालतात की झोपलेल्या मुलाच्या खोलीतून जावं.

दुसरा प्रसंग बेंजामिन ब्रिटनचा. इंग्लंडचा त्या काळचा सर्वांत मोठा संगीतकार, आणि तोही लहानपणापासून व्हायोला शिकलेला. 1975 मध्ये, हृदयाच्या आजारानं थकलेला असताना त्यानं तिसरं स्ट्रिंग क्वार्टेट लिहिलं, थोडं घरी, थोडं व्हेनिसला. या चौघांसाठी. त्याच्या पहिल्या भागाचं नाव 'ड्युएट्स', म्हणजे जोड्या. चार माणसांच्या जोड्या किती होतात? सहा. ब्रिटननं त्या सहाही जोड्या लावल्या: पहिल्याची दुसऱ्याशी, दुसऱ्याची व्हायोलाशी, व्हायोलाची चेलोशी, अशा. प्रत्येकाला प्रत्येकाबरोबर बोलायला बसवलं. 1976 च्या शरदात चौघांनी ब्रिटनच्या घरी जाऊन ते त्याला वाजवून दाखवलं. 4 डिसेंबरला तो गेला. 19 डिसेंबरला स्नेपच्या सभागृहात त्यांनी ते लोकांपुढे पहिल्यांदा वाजवलं. रचना संपते तीही नीट संपत नाही. प्रश्न विचारून थांबावं तसा शेवटचा स्वर हवेत राहतो.

"सहा जोड्या," भाचा बोटं मोजत होता. "आमच्यात पाच माणसं. दहा जोड्या होतात." मग म्हणाला, "शाहिरांची आणि माझी एकदाही लागली नाही."

ऑगस्ट 1987 मध्ये पीटर शिडलॉफ हृदयविकारानं गेला. वय 65.

चौकडीला चाळीस वर्षं झाली होती. तारखा ठरलेल्या होत्या. जगात उत्तम व्हायोलावादकांना तोटा नव्हता. एखादा तरुण आनंदानं आला असता. व्यवहारी माणूस म्हणेल, पहिलं व्हायोलिन आहे, नाव आहे, मधला एक बदलायचाय. लोकांच्या लक्षातही आलं नसतं. ब्रायनिन, निसेल आणि लव्हेट या तिघांनी अमाडेउस क्वार्टेट बंद केलं. नवा व्हायोला शोधला नाही. पुढे तिघेही मुलांना शिकवत राहिले, इतरांबरोबर वाजवत राहिले, पण त्या नावानं क्वार्टेट पुन्हा बसलं नाही. ब्रायनिन 2005 मध्ये गेला, निसेल 2008 मध्ये. लव्हेट 2020 च्या एप्रिलमध्ये, करोनानं.

मला वाटलं, इथे भाच्याचे डोळे पाणावतील. गोष्ट सांगणाऱ्याला असे मोह होतात. डोळे कोरडेच होते, आणि थोडे तिखट.

"सगळेच असं करतात का?" त्यानं विचारलं.

नाही करत, आणि ते मी लपवलं नाही. बुडापेस्ट क्वार्टेट 1917 मध्ये निघालं तेव्हा बुडापेस्टच्या ऑपेरातले वादक त्यात होते. एकेक करत माणसं बदलली, आणि 1936 पर्यंत चारही जागांवर रशियातून आलेले ज्यू बसले. बुडापेस्टचा एकही नाही, नाव मात्र बुडापेस्ट. तरी ते 1967 पर्यंत चाललं आणि फार मोठं क्वार्टेट झालं. व्हिएन्नाच्याच आल्बान बेर्ग क्वार्टेटचा व्हायोलावाला थोमास काकुस्का 2005 मध्ये गेला, तेव्हा त्याचीच इच्छा म्हणून त्याच्या शिष्येला त्या जागी बसवलं आणि ते आणखी तीन वर्षं चाललं. तेही बरोबरच. शिष्येच्या हातून गुरू वाजत राहिला तर त्यात वाईट काय? अमाडेउसवाल्यांनी केलं तेच खरं, असं मी म्हणत नाही. त्यांच्या कानांना चौथा आवाज इतका नेमका ठाऊक होता की दुसरा चालला नसता, एवढंच.

भाचा उठला. खिडकीशी गेला. रात्रीचे साडेअकरा झाले असतील. मग वळून त्यानं जे विचारलं ते मी विसरू शकलो नाही.

"मामा, त्याच्यासाठी ते तिघे थांबले. मी उद्या मेलो तर शाहीर थांबतील का? संध्याकाळी दुसरा तुणतुणेवाला आणतील. तुम्ही मला शिडलॉफची गोष्ट सांगताय. ती शाहिरांना सांगा ना. मागे उभं राहायला मला शिकवायची गरज नाही, सहा वर्षं उभा आहे. मागचा ऐकायला कुणाला शिकवायचंय?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. आपल्या सगळ्या बोधकथांत हीच खोट असते. त्या नेहमी मागच्याला सांगितल्या जातात. पाया होऊन राहा, मुळासारखा जमिनीत राहा, तुझ्याशिवाय कळस नाही. कळसाला कुणी खाली वाकून बघायला सांगत नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघेही कोल्हापूरच्या गाडीत बसलो.

शाहीर सत्तरीचे गृहस्थ. माझी जुनी ओळख. भाचा बाहेर रस्त्यावर थांबला आणि मी ओसरीवर बसून सगळी गोष्ट सांगितली. छावणी, रोस्टाल, नाव बदलणं, सहा जोड्या, ऑगस्ट 1987. त्यांनी मधे एकदाही तोडलं नाही. शाहिराला गोष्ट ऐकता येते. हा त्या पेशाचा गुण. सगळं झाल्यावर त्यांनी पानाचा डबा ओढला, सुपारी कातरली आणि विचारलं,

"बिदागी कशी वाटायचे?"

मला हा प्रश्न अपेक्षित नव्हता. अमाडेउसवाल्यांचं मला ठामपणे सांगता येईना, म्हणून मी बुडापेस्टवाल्यांचं सांगितलं. त्यांचा नियम होता: कमाईचे चार वाटे, चारही सारखे. आणि वाद झाला तर मत घ्यायचं.

"पहिल्या व्हायोलिनला जास्त नाही?"

"नाही."

शाहीर सुपारी चघळत राहिले. ओसरीपलीकडे म्हैस बांधलेली होती, तिच्याकडे बघत म्हणाले, "माझा पहिला झीलकरी अठ्ठावीस वर्षं होता माझ्याबरोबर. मला दम लागायच्या आधी त्याला कळायचं. मी श्वास घ्यायचो त्या जागेवर त्याचा सूर उभा असायचा. त्याला मी किती द्यायचो ते विचारू नका." थोड्या वेळानं आणखी एक वाक्य बोलले: "तो गेला त्या वर्षी मला वाटलं माझा गळा बसलाय. डॉक्टरला दाखवला. गळा चांगला होता."

मग त्यांनी मोठ्यानं हाक मारली. "ए पोरा, आत ये. उन्हात काय उभा राहतोस? तुणतुणं आणलंयस का?"

भाच्यानं आणलं होतं. ते त्यानं पुण्याला येताना का आणलं, पथक सोडलेल्या माणसाला तुणतुणं कशाला लागतं, हे मी त्याला तेव्हा विचारलं नव्हतं आणि नंतरही विचारलं नाही. तो ओसरीच्या कडेला टेकला. खुंटी पिळून तार लावू लागला. शाहीर म्हणाले, थोडी चढव. तो म्हणाला, "शाहीर, सकाळच्या वेळी तुमचा गळा अर्ध्या सुरानं खाली असतो. आहे तीच बरोबर आहे." शाहिरांनी त्याच्याकडे पाहिलं. मग गुणगुणून बघितलं. तार बरोबर होती.

त्या शिवजयंतीला मी मुद्दाम गेलो. शाहिरांनी आणि भाच्यानं मिळून एक कडवं म्हटलं, पुढे-मागे न उभं राहता, शेजारी. लोकांना त्यात विशेष काही वाटलं नाही. टाळ्या नेहमीएवढ्याच पडल्या. कार्यक्रम संपल्यावर बिदागीची पाकिटं निघाली. पाचही सारखी नव्हती. शाहिरांचं जाड होतं, पण भाच्याचं पाकीट या वेळी ढोलकीवाल्याएवढं होतं, आणि दुसऱ्या झीलकऱ्याचंही. रात्री आम्ही मोजून पाहिलं.

फ्लेक्सवर मात्र अजून शाहिरांचाच फोटो आहे.